दोन अण्णा

अक्कांच्या स्वयंपाकघरात दुधाच्या पावडरीचे अकरा डबे होते आणि त्या घरात पावडरीचं दूध कुणीच पीत नव्हतं. मी पीत नव्हते, अक्का काळा चहा प्यायच्या, आणि तिसरं माणूस घरात नव्हतंच. तरी सेल लागला की बारावा डबा यायचा. तारीख उलटून गेलेला डबा मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या झाडाखाली रिकामा करायचं काम माझ्याकडे होतं. मीठ, काड्यापेट्या, मेणबत्त्या यांचंही तसंच. जॅमची रिकामी बाटली टाकायची तर परवानगी काढावी लागे, आणि ती मिळत नसे. चोवीस तास नळाला पाणी असलेल्या त्या परक्या देशात अक्का रोज सकाळी दोन बादल्या काठोकाठ भरून बाथरूममध्ये ठेवत. मी सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी भागातली, त्यामुळे पाणी भरून ठेवणाऱ्या बाईवर माझा लगेच जीव जडला. बाकीच्या साठ्याचा अर्थ लागायला मात्र वेळ गेला.

घर पेंडल हिल स्टेशनपासून चालत आठ मिनिटांवर होतं. लाल विटांचं, बैठं, पुढे गुलाबाची दोन झाडं आणि मागे कपडे वाळत घालायची गोल फिरणारी दांडी. स्टेशनजवळच्या मसाल्याच्या दुकानात काचेवर चिठ्ठी लावलेली होती: खोली भाड्याने देणे आहे, शाकाहारी मुलगी हवी. मी शाकाहारी नव्हते, पण गरजवंताला अक्कल नसते. बेधडक होय म्हणून सांगितलं. दुसऱ्याच दिवशी अक्कांनी खेकड्याचं कालवण रांधलं आणि दोघींचीही फजिती झाली. शाकाहारी मुली वेळेवर घरी येतात असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, एवढ्यासाठी ती अट. "तू वेळेवर येतेस ना? मग खा," त्या म्हणाल्या. त्या माझ्याशी त्यांच्या पद्धतीच्या इंग्रजीत बोलत, मी माझ्या पद्धतीच्या. इथे ते सगळं मराठीत लिहिते आहे, कारण मला ते आठवतं तेच मराठीत.

अक्का श्रीलंकेतल्या जाफनाच्या बाजूच्या तमिळ. वय चाळिशीचं, अंगाने बारीक, चालणं भरभर. नवरा त्यांच्या आधी इथे आला, त्याने त्यांना बोलावून घेतलं आणि तीन वर्षांत हार्टने गेला. मूलबाळ नव्हतं. म्हाताऱ्यांच्या एका नर्सिंग होममध्ये त्या कामाला होत्या. मी दिवसा युनिव्हर्सिटीत आणि उरलेल्या वेळात दोन स्टेशनं पुढे वेस्टमीडला एका लॅबमध्ये, रक्ताच्या बाटल्यांवर लेबलं लावायला. सकाळी घरात तमिळ रेडिओ, त्याखाली खोबरं खवण्याची खरखर, बाहेर मॅगपाय पक्ष्यांची शीळ. नाश्त्याला तांदळाच्या शेवयांच्या चकत्या, त्यावर नारळाच्या दुधाचं पिवळं पातळ कालवण आणि लाल खोबऱ्याची चटणी. ती चटणी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा तिखट खाण्याचा माझा सातारी माज उतरला. मी ज्वारीची भाकरी थापली की अक्का चवीने एक तुकडा खायच्या आणि म्हणायच्या, "पोट भरतं, पण मजा नाही." तमिळमध्येही अक्का म्हणजे थोरली बहीण आणि आमच्याकडेही अक्का म्हणजे थोरली बहीण, त्यामुळे पहिल्या दिवसापासून आमचं जमलं. बाकीचे शब्दही असेच जुळत असणार, असं मी धरून चालले.

अक्का लढाईबद्दल बसून कधी बोलल्या नाहीत. खोबरं खवता खवता, कांदा चिरता चिरता एखादं वाक्य निसटायचं. गावावर तोफगोळे पडायला लागले तेव्हा सगळे देवळात जाऊन राहिले. दीडशे माणसं, एक विहीर. विहिरीवर जायला अंगणाची वीस पावलं ओलांडायची, आणि ती कुणी ओलांडायची यावर घराघरांत भांडणं व्हायची. रॉकेल मिळत नसे म्हणून जॅमच्या बाटलीत चार थेंब तेल आणि कापसाची वात, तो दिवा. बॅटऱ्या नाहीत म्हणून सायकल उलटी करून तिच्या डायनामोवर रेडिओ लावायचा. अक्कांचा थोरला भाऊ सेल्वम पॅडल मारायचा आणि बातम्या ऐन रंगात आल्या की मुद्दाम थांबायचा, लोक शिव्या घालायचे. सेल्वम एका सकाळी दुसऱ्या बहिणीच्या तान्ह्या बाळासाठी दुधाची पावडर आणायला सायकलवर गेला आणि परत आला नाही. पाठवलं कुणी, तर अक्कांनी. "तिथे तेव्हा तीन बाजू होत्या आणि मधे आम्ही," त्या म्हणाल्या. "कुणी नेला विचारलं की प्रत्येक जण दुसऱ्या दोघांकडे बोट दाखवतो."

त्या तिन्हींतली एक बाजू आपली होती. श्रीलंकेत आपली फौज गेली होती तेव्हा मी सातवीत होते, आणि मला ते नीट ठाऊक होतं, कारण माझे वडील तिथे होते.

आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. दोन वर्षं ते तिकडे होते तेव्हा महिन्याने एखादं पत्र यायचं, कागदाला ओलीचा वास आणि मजकूर नेहमी तोच, मी खुशाल आहे, अभ्यास कर. परत आले ते निम्मे होऊन आले. पायांची बोटं सडलेली, आणि घरासमोर कुणी सायकलला स्टँड लावला तरी दचकायचे. त्यापलीकडे त्यांनी काही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. फौजी घरांत असंच असतं. तर अक्कांनी पहिल्या आठवड्यात मला विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हटलं, "रिटायर्ड. सरकारी नोकरी होती." यात खोटं एक अक्षर नव्हतं आणि मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. मी त्या काळात स्वतःला फार हुशार समजत असे. आता पन्नाशी उलटल्यावर तेवढं समजत नाही, पण सवय पूर्ण गेलेली नाही.

माझ्या पदवीदानाला अण्णा तीन महिन्यांच्या व्हिसावर यायचे ठरले. आई आदल्या वर्षी गेली होती आणि त्यांना तिथे एकटं वाटत होतं. मी अक्कांना म्हटलं, "माझे अण्णा येतायत, इथे राहिले तर चालेल?" अक्का क्षणभर हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अण्णासाठी विचारतेस काय? येऊ दे." पुढचे दहा दिवस घराचं रूपच पालटलं. मागची खोली रंगवून झाली. नवी चादर आली. गॅरेजमध्ये धूळ खात पडलेली नवऱ्याची सायकल बाहेर निघाली, टायर बदलले, चेनला तेल पडलं. "तरुण माणूस आहे, तीन महिने घरात कसा बसेल?" अक्का म्हणाल्या. छप्पन्न वर्षांच्या माणसाला तरुण म्हणणं मला जरा विचित्र वाटलं, पण बाई चांगल्या मनाची आहे म्हणून सोडून दिलं. एअरपोर्टवर अण्णा ट्रॉली ढकलत बाहेर आले, मिशा पांढऱ्या, डोक्यावर फक्त कडेने केस, आणि मी "अण्णा" म्हणून पुढे धावले. अक्का त्यांच्या मागे पुढे बघायला लागल्या. "आणि अण्णा कुठाय?"

तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ. अक्कांनी दहा दिवस माझ्या थोरल्या भावाची तयारी केली होती. उलगडा झाला तेव्हा त्या पार्किंगमध्ये गाडीला टेकून इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. मीही हसले. अण्णांना काय चाललंय ते कळेना, ते आपले दोघींकडे बघत मिशांतल्या मिशांत हसत राहिले. पण घरी येताना गाडीत अक्का एकदम गप्प झाल्या, आणि ती चादर, तो रंग, ती सायकल हे सगळं कुणासाठी केलेलं होतं ते मला तेव्हा समजलं. मला फार वाईट वाटलं.

अण्णांना मी फोनवरच बजावलं होतं, इथे कुणी विचारलं तर पोस्टात होतो म्हणायचं. त्यावर ते म्हणाले, "चोवीस वर्सं वर्दी घातली, आन् आता पोस्टात?"

"अण्णा, त्या बाईंचा भाऊ तिकडे गेलाय. माझी खोली जाईल ती जाईल, पण त्यांना किती त्रास होईल बघा."

"ताकाला जायचं आन् भांडं लपवायचं, हे काय खरं न्हाई, मंजे," ते म्हणाले. मला ते मंजी म्हणत. "पन तू म्हंतीस तर पोस्टात." आणि पहिल्या जेवणाच्या वेळी त्यांनी छाती पुढे काढून, एकाच दमात, "पोस्ट ऑफिस, मॅडम" असं जे सांगितलं, त्यावरून शेंबड्या पोरालाही कळलं असतं की हा माणूस कुठल्या पोस्टात होता.

तरी महिनाभर बरं चाललं. अण्णा पहाटे उठायचे, पलंगाच्या चादरीचे कोपरे घडी घालून सुरीसारखे करायचे, मागच्या पायरीवर बसून माझे, स्वतःचे आणि न विचारता अक्कांचेही बूट चमकवायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. अण्णांची हिंदी अक्कांना कळत नसे आणि अण्णांचं इंग्रजी 'येस मॅडम'च्या पलीकडे जात नसे. पण खोबरं फोडणे, गॅसचं बटण घट्ट करणे, खेकडे साफ करणे याला भाषा लागत नाही. सायकल अण्णांनी घेतली. रोज सकाळी दुकानात जाऊन पाव आणि मिरच्या आणायचे. मी सुट्टीच्या दिवसांत बघितलं, ते सायकल घेऊन फाटकातून बाहेर पडले की अक्का खिडकीशी उभ्या राहायच्या आणि ते परत येऊन सायकल भिंतीला टेकवेपर्यंत हलायच्या नाहीत. चहा निवून जायचा. अण्णांना याचा पत्ता नव्हता. मला सांगावंसं वाटलं, की अण्णा, चालत जात चला. पण कारण सांगावं लागलं असतं. झाकली मूठ मी तशीच झाकून ठेवली.

आणि मग तो रविवार. सकाळचे दहा वाजले असतील. अक्का स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे डबे पुसत होत्या, मी टेबलाशी कोथिंबीर निवडत होते, अण्णा दारात उभे राहून टॉवेलने मान पुसत होते. स्टुलाचा एक पाय लादीच्या फटीत होता. अक्का हात लांबवून कडेच्या डब्यापर्यंत पोचायला गेल्या आणि स्टूल कलंडायला लागलं. अण्णांना ते माझ्याआधी दिसलं. त्यांना अक्कांना थांबवायचं होतं, आणि समोरच्या बाईला कळेल अशा भाषेत थांबवायचं होतं. तमिळचा जो एक शब्द त्यांच्याजवळ होता तो त्यांच्या तोंडून परेडवरच्या आवाजात निघाला.

"निल्लु."

म्हणजे थांब, उभा राहा. अक्का थांबल्या. स्टूलही कसंबसं थांबलं. डबा खाली पडून झाकण उडालं आणि पावडर सगळ्या लादीवर पसरली. अक्कांनी दोन्ही हात वर केले. बोटं पसरून, तळवे पुढे, डोक्याच्या वर, आणि नजर खाली जमिनीवर. कुणी शिकवल्याशिवाय माणूस असे हात वर करत नाही. कितीतरी वेळ त्या तशाच उभ्या होत्या. मी कोथिंबिरीची काडी हातात धरून बसून राहिले. अण्णा हळूहळू मागे सरकले, दाराबाहेर गेले, तिथे खाली पायरीवर बसले आणि पाठ आमच्याकडे करून अगदी खालच्या आवाजात मराठीत म्हणाले, "मंजे, त्यांना खाली उतरव. मी हितंच हाय. मी आत येत न्हाई."

अक्का उतरल्या. त्यांनी हात धुतले, सावकाश, कोपरापर्यंत. मग तीन कप चहा केला. पावडर तशीच पडलेली होती, तिच्यातून त्यांच्या पावलांचे ठसे टेबलापर्यंत आले. "त्यांना आत बोलाव," त्या म्हणाल्या. "मी पहिल्या दिवशी ओळखलं होतं. पोस्टातली माणसं दारात तशी उभी राहत नाहीत. मी वाट बघत होते, तुमच्यापैकी कुणीतरी सांगाल म्हणून." माझी मान वर होईना. तीन वर्षं ज्या बाईच्या हातचं मी खाल्लं, तिला मी वेड्यात काढत होते असं मला वाटत होतं, आणि वेडी मीच होते. अण्णा आले, खुर्चीच्या टोकावर बसले. "तू मधे बस," अक्का मला म्हणाल्या. "मी विचारते ते त्यांना सांग, ते सांगतील ते मला सांग."

पहिला प्रश्न, कुठे होता. अण्णांनी सांगितलं, तळ्याकाठच्या तिठ्यावर, शाळेच्या भिंतीला लागून. अक्कांनी विचारलं, तिथे झाडं कसली होती. "ताडाची व्हती," अण्णा म्हणाले. "आम्हीच तोडली. बंकरला वंडके लागायचे." मी सांगितलं. अक्कांनी मान हलवली. तो तिठा त्यांच्या गावापासून मैलभरावर होता, आणि ताड तोडले गेले ते खरं होतं, त्यातले काही त्यांच्या आजोबांचे होते. मग अण्णा आपणहून बोलायला लागले. मी जन्मात त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. बंकरमध्ये गुडघाभर पाणी. डाळीत वाळू. दिवसच्या दिवस बूट काढायला मिळायचे नाहीत. एक दोस्त शेजारी बसून घरचं पत्र वाचत होता आणि पत्र संपायच्या आत गेला, पुढचा मजकूर अण्णांनी वाचला. "सायकलची लई भीती," ते म्हणाले. "मागं डबा बांधलेला असला की त्यात काय असंल, भाकर का बाँब, ह्योच जिवाला घोर. दिवसभर सायकलीच बघायच्या." मी एकेक वाक्य इंग्रजीत करत होते आणि अक्का डोळे मिटून ऐकत होत्या.

"त्यांना विचार," अक्का म्हणाल्या, "लोक त्यांना काय म्हणायचे."

अण्णांनी चहाचा कप बाजूला सारला. "अण्णा म्हनायचे. 'अण्णा, विडुंगो.' सोडा म्हनून. पयल्यांदा एक पोरगी पाठीमागनं अण्णा म्हणून वरडली तवा मी गर्रकन वळलो. मला वाटलं मंजी. मागनं कळलं, भावाला म्हनत्यात." मग म्हणाले, "आन् ते कळल्यावर पन मी एका मानसाला सायकल डोक्यावर धरून उभा केला व्हता. दुपारभर. सायबाचा हुकूम न्हवता. आदल्या दिशी दोस्त गेल्याला, त्या रागात माझी मीच शिक्षा काढली. त्यो अण्णा अण्णा करत व्हता आन् मी पान्याची बाटली तोंडाला लावून बघत व्हतो." हे मला अक्कांना सांगायचं होतं. माझे वडील. मी ते सांगितलं, कसंबसं, खाली बघून. माझी धाकटी लेक आता कधी विचारते, "आई, वॉज आजोबा अ प्रॉपर सोल्जर?" तेव्हा मी हो म्हणते. ती दुपारची गोष्ट सांगायला ती अजून लहान आहे, असं गेली दहा वर्षं मी म्हणते आहे.

मग अक्कांनी ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते विचारलं. हिरवी सायकल. समोरचा एक दात अर्धा तुटलेला. अंगावर चौकड्यांचा शर्ट. सकाळी जाताना दिसला असेल, किंवा दुधाचा डबा घेऊन परत येताना. त्याच तिठ्यावरून गेला असणार, दुसरा रस्ता नव्हता. अण्णा टेबलाकडे बघत पुष्कळ वेळ विचार करत होते. त्यांनी खरंच शोधलं, मला दिसत होतं. मग म्हणाले, "आठवत न्हाई. शेकड्यानं मानसं जायची. हिरव्या सायकली पन असतील. न्हाई आठवत."

अक्का माझ्याकडे बघत होत्या. बारा वर्षं त्या बाईने हाच प्रश्न जगातल्या यच्चयावत लोकांना विचारला होता, आणि आज पहिल्यांदा समोर असा माणूस होता जो त्या जागी खरोखर उभा होता. मला वाटलं, एक वाक्य. एका वाक्याने हिचं आयुष्य सोपं होईल. मी म्हटलं, "ते म्हणतात, तसा एक माणूस आठवतो. दात तुटलेला. त्यांनी त्याला अडवलं नाही, जाऊ दिलं."

अक्का माझ्या हातावर हात ठेवून, मराठीत, माझ्याच हेलात म्हणाल्या, "आठवत नाही." मी गारच पडले. "चावी कुठे ठेवलीस विचारलं की तू मराठीत हेच पुटपुटतेस. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा वार कुठला, तर आठवत नाही. तीन वर्षं रोज ऐकते. हा एक शब्द मला येतो." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला खोटं सांगणारे पुष्कळ भेटले. सगळी चांगली माणसं होती."

अण्णांनी विचारलं, "काय सांगितलंस तू त्यांना?" मी सांगितलं. त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नव्हता, तेव्हाही नाही उगारला, पण असं बघितलं की मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. "पोस्टाचं खोटं तुझ्यासाठी बोललो," ते म्हणाले. "ह्ये न्हाई." मग उठले, कोपऱ्यातून केरसुणी आणि सुपली घेतली आणि लादीवरची पावडर भरायला लागले. अक्कांनी त्यांना अडवलं नाही. मला म्हणाल्या, "तुझे वडील राहू देत. तू राहायचं की नाही, ते तू ठरव. पण या घरात माझ्यासाठी पुन्हा खोटं बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी अक्कांनी एक जाडजूड फाइल टेबलावर ठेवली. हरवलेल्या माणसांचा तपास करणाऱ्या एका समितीकडे त्या वर्षानुवर्षं अर्ज करत होत्या. दर वेळी उत्तर यायचं, त्या तिठ्यावर त्या काळात कोण होतं याची नोंद मिळत नाही. अक्कांचं म्हणणं एवढंच, की अण्णांनी स्वतःच्या हाताने लिहून द्यावं, मी तिथे होतो, अमुक महिने, आणि काय काय पाहिलं. मी अण्णांना मागच्या अंगणात नेलं आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या आडोशाला उभं करून म्हटलं, "अण्णा, हे कागद कुठे कुठे फिरतील सांगता येत नाही. पेन्शन आहे. गावात लोक काय म्हणतील. हात दाखवून अवलक्षण कशाला?" दोन दिवस त्यांनी सायकल काढली नाही. तिसऱ्या दिवशी मला रेघांचे कागद आणायला सांगितलं.

ती चार पानं अण्णांनी मराठीत लिहिली, शाळेत गिरवतात तशा अक्षरात. पंचवीस वर्षं होत आली त्याला. सेल्वमचा पत्ता आजवर लागलेला नाही. अण्णा गेले, अक्का अजून पेंडल हिललाच आहेत आणि मी दर रविवारी तिथे जेवते. त्या चार पानांचं काही झालं का, तर एवढंच झालं की पुढच्या उत्तरात 'नोंद मिळत नाही' हे वाक्य नव्हतं. पण मला लिहायचं आहे ते त्यांचं इंग्रजी केलं त्या संध्याकाळबद्दल. मी उसन्या कॉम्प्युटरवर टाइप करत होते, अक्का समोर काळा चहा घेऊन बसल्या होत्या, आणि अण्णा माझ्या खांद्याशी उभे. एक शब्द बदलायचा नाही, हे त्यांनी आधीच बजावलं होतं, आणि प्रत्येक वाक्य टाइप झालं की ते म्हणायचे, "आता ह्येचं मराठी करून मला वाचून दाव." झाडं, बंकर, दोस्त, सायकल डोक्यावर धरलेला माणूस, सगळं तपासून झालं. शेवटी सेल्वमचं वाक्य आलं. मी ते वाचून दाखवलं: "तो त्या तिठ्यावरून गेला असेल तर माझ्यासमोरून गेला. मला तो दिसला नाही."

"दिसला न्हाई, असं मी कुटं लिवलंय?" अण्णा म्हणाले.

मी कागद बघितला. खरंच तसं नव्हतं.

"बघितला न्हाई, असं लिवलंय," ते म्हणाले. "मी सायकल बघत व्हतो. मानूस बघितला न्हाई."

मी ती ओळ खोडली आणि त्यांनी लिहिली होती तशी टाइप केली.